कंपनीची चौकशी, वाचनालयाच्या टेबलावरून

सोयाबीनची मळणी आटोपत आली होती, तेव्हाची गोष्ट आहे. एक कास्तकार आमच्या वाचनालयात आले आणि खिशातून चार घड्यांचे चकचकीत पत्रक काढून त्यांनी ते टेबलावर पसरले. एक लाख रुपये भरा आणि दरमहा ठरावीक रक्कम घ्या, अशी ती योजना होती, आणि खाली बारीक अक्षरांत कंपनीचे नाव, एक लांबलचक क्रमांक व नागपूरचा पत्ता होता. "ही कंपनी खरी आहे का, एवढं पाहून द्या," असे ते म्हणाले. माझे शिक्षण मराठी साहित्याचे आहे आणि ताळेबंद हा शब्द मी तोवर फक्त वाचनालयाच्या वार्षिक सभेत ऐकला होता, त्यामुळे त्या दिवशी मी त्यांना काहीच सांगू शकलो नाही. पुढे या विषयात जे शिकलो, ते गावोगावच्या ग्रंथपालांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे लिहितो.

पहिली भीती मनातून काढून टाकावी. आपल्याला व्यापार कळण्याची गरज नाही. त्या व्यवसायाचा कायदेशीर प्रकार कोणता आणि त्या प्रकाराचे कागद कोणत्या कार्यालयात जमा होतात, एवढे कळले की उरलेले काम आपल्या रोजच्या सवयीचेच आहे.

आधी वाचकाला विचारावे

"कंपनीची माहिती पाहिजे" हा प्रश्न अपुरा असतो, कारण माहिती कशासाठी हवी यावर शोधाची दिशा ठरते. ज्याला पैसे गुंतवायचे आहेत, त्याच्यासाठी कंपनीला ठेवी घेण्याची परवानगी आहे का हा मुख्य प्रश्न असतो. ज्या मुलाला बुटीबोरीतील कारखान्याचे नोकरीचे पत्र आले आहे, त्याला कंपनी चालू आहे का आणि पत्रावरचा पत्ता तिचाच आहे का, हे पाहायचे असते. उधारीवर माल देणाऱ्याला तर ती कंपनी देणी वेळेवर चुकवते का, यापलीकडे काही नको असते. म्हणून पत्रक, पावती, देयक, दुकानाच्या पाटीचा फोटो, जे हाताशी असेल ते आणायला सांगावे. नुसत्या नावावरून शोध घेऊ नये. रोमन लिपीत "श्री" तीन-चार तऱ्हांनी लिहिला जातो, "लक्ष्मी"चेही तसेच, आणि "ॲग्रो" हा शब्द असलेल्या कंपन्यांना तर अंत नाही. एकाच लेखकाच्या नावाची तीन रूपे तालिकेत एकत्र आणताना आपण जी काळजी घेतो, तीच येथे घ्यावी.

प्रकारावरून कार्यालय

नावाच्या शेवटी "प्रायव्हेट लिमिटेड" किंवा "लिमिटेड" असेल, तर बहुधा ती कंपनी कायदा, २०१३ खाली नोंदलेली असते आणि तिचे कागद केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असतात. मात्र सहकारी संस्थाही "मर्यादित" असतात. पतसंस्था व सहकारी सूतगिरणी यांची नोंद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली होते, आणि पतसंस्थेची चौकशी तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करावी. तेथे लेखापरीक्षणाचा वर्ग अवश्य विचारावा, तो आपल्या वाचनालयांसारखाच अ, ब, क, ड असा असतो. पतसंस्थेबद्दल आणखी एक गोष्ट वाचकाला न चुकता दाखवावी: बँकेतील ठेवींना असलेले ५ लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण पतसंस्थेतील ठेवींना नाही. हे गावात फार थोड्यांना ठाऊक असते.

शेतकरी उत्पादक कंपनी ही नावाप्रमाणे कंपनीच आहे, पण तिच्यात किमान १० उत्पादक सभासद आणि किमान ५ संचालक लागतात, व तिचे शेअर बाजारात विकले जात नाहीत. तिचा सभासद आपल्याकडे आला, तर संगणक सुरू करण्याआधी त्याला सांगावे की वार्षिक सभेची सूचना किमान १४ दिवस आधी मिळणे आणि तिच्यासोबत लेखापरीक्षित ताळेबंद मिळणे, हा त्याचा हक्कच आहे.

भागीदारी संस्थेची नोंद भागीदारी संस्थांच्या निबंधकांकडे असू शकते. नोंदणी सक्तीची नसल्यामुळे ती नसेलही.

क्रमांक वाचणे

पत्रकावरचा तो लांबलचक क्रमांक म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक (सीआयएन), पुस्तकाच्या दाखल क्रमांकासारखाच समजावा. त्यात २१ अक्षरे व आकडे असतात. पहिले अक्षर "एल" असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे, "यू" असेल तर नाही. त्यापुढचे पाच आकडे व्यवसायाचे, आणि त्यांतील पहिले दोन ०१ असतील तर तो शेतीचा. त्यानंतर राज्याची दोन अक्षरे, महाराष्ट्रासाठी "एमएच". मग स्थापनेचे वर्ष, मग कंपनीचा प्रकार सांगणारी तीन अक्षरे, खासगी कंपनीसाठी "पीटीसी" आणि सार्वजनिकसाठी "पीएलसी", व शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक. त्या कास्तकारांच्या पत्रकावर "पंचवीस वर्षांचा विश्वास" असे ठळक छापलेले होते, आणि क्रमांकातील वर्ष होते २०२१. इतके पाहायला तर इंटरनेटही लागत नाही. तेवढ्यावरून लबाडीचा निष्कर्ष मात्र काढू नये, कारण जुनी भागीदारी पुढे कंपनीत बदलली असेल, तरीही वर्ष नवेच दिसते. त्याबद्दल विचारणा करायला हवी, इतकेच त्यातून ठरते.

जीएसटी क्रमांक त्याहून बोलका असतो. त्याची १५ स्थाने असतात आणि पहिले दोन आकडे राज्याचे: २७ महाराष्ट्र, २३ मध्य प्रदेश, २२ छत्तीसगड, ३६ तेलंगणा. सीमेलगतच्या आपल्या तालुक्यांत हे आकडे पाठ असलेले बरे. पुढची दहा स्थाने पॅन क्रमांकाची असतात, आणि एकूण क्रमांकातील सहावे अक्षर धारक कोण ते सांगते: "पी" म्हणजे व्यक्ती, "एफ" म्हणजे भागीदारी, "सी" म्हणजे कंपनी. देयकावर "प्रायव्हेट लिमिटेड" छापलेले आणि सहावे अक्षर मात्र "पी", असे दिसले तर तो क्रमांक कंपनीचा नसून एखाद्या व्यक्तीचा आहे, हे वाचकाच्या बोटाखाली दाखवता येते. जीएसटीच्या संकेतस्थळावर हाच क्रमांक टाकला की कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द झाली, आणि विवरणपत्रे कोणत्या महिन्यांपर्यंत भरली आहेत, हे विनामूल्य दिसते. खाद्यपदार्थांच्या पाकिटावरील १४ आकडी परवाना क्रमांकही असाच तपासता येतो.

मंत्रालयाच्या संकेतस्थळावर वाचनालयाच्या नावाने एकदा खाते उघडून ठेवावे. कंपनीच्या मूळ नोंदीत स्थिती, पत्ता, संचालक, अधिकृत व भरणा झालेले भांडवल, शेवटच्या वार्षिक सभेची तारीख आणि तारण कर्जे एवढे सापडते. अधिकृत भांडवल ही केवळ मर्यादा असते. पत्रकात मिरवला जातो तो हाच मोठा आकडा, प्रत्यक्षात आलेले भांडवल त्याच्या शंभराव्या भागाइतकेही असू शकते. शेवटच्या सभेची तारीख तीन-चार वर्षे जुनी असेल तर ती ओळ वाचकाला दोनदा दाखवावी, कारण विवरणपत्रे न भरणाऱ्या कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढली जातात आणि २०१७ च्या मोहिमेत अशी दोन लाखांहून अधिक नावे काढली गेली. हीच माहिती उतरवून घेणारी खासगी संकेतस्थळे शोधात आधी वर येतात, परंतु त्यांची नोंद कोणत्या तारखेची आहे हे कळत नाही, म्हणून त्यांचा उपयोग फक्त क्रमांक शोधण्यापुरता करावा.

गुंतवणुकीच्या प्रश्नात मात्र ही सारी नोंद अपुरी आहे, आणि त्या दिवशी मला हेच माहीत नव्हते. कंपनी नोंदलेली असणे वेगळे आणि तिला लोकांकडून ठेवी घेण्याची परवानगी असणे वेगळे. रिझर्व्ह बँकेच्या "सचेत" या संकेतस्थळावर ती परवानगी तपासता येते आणि तक्रारही करता येते. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ चा आहे आणि ठेवीदारांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा १९९९ चा.

ताळेबंदाची पाने

कंपनीने दाखल केलेले कागद १०० रुपये शुल्क भरून पाहता येतात. सभा बहुधा सप्टेंबरअखेर होते आणि हिशेब त्यानंतर ३० दिवसांत दाखल करायचे असतात, म्हणून मार्चअखेरचे हिशेब जुलैत शोधू नयेत. पान उघडताच सर्वप्रथम वरच्या कोपऱ्यातील बारीक ओळ वाचावी: आकडे रुपयांत आहेत, हजारांत, लाखांत की कोटींत. मी स्वतः एकदा हजारांतले आकडे लाखांतले समजून एका जिनिंगची उलाढाल शंभरपट सांगून बसलो होतो. त्यानंतर लेखापरीक्षकाचा अहवाल पाहावा. त्यात "अमुक बाब वगळता" अशा अर्थाचे वाक्य असेल, तर ती बाब शोधून वाचकाला वाचून दाखवावी. माल विकणाऱ्यासाठी व्यापारी देणी हा रकाना महत्त्वाचा, आणि तो दोन वर्षांचा शेजारी शेजारी छापलेला असतो. उलाढाल तितकीच राहून देणी दुप्पट झाली असतील, तर त्याचा अर्थ त्यालाच आपल्यापेक्षा चांगला कळतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीसाठी हा खर्चही नको, तिचे वार्षिक अहवाल बाजाराच्या संकेतस्थळावर मोफत असतात.

नोंदच नसते तेव्हा

आमच्याकडे सर्वांत अवघड प्रश्न संत्र्याचा येतो. आंबिया बहार झाडावर असताना बाहेरचा व्यापारी बगीचा पाहतो, इसार देतो आणि उरलेली रक्कम तोडणीनंतर देण्याचे ठरते. हा व्यापारी कोण, हे कुठे पाहावे? फळे व भाजीपाला २०१६ पासून बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त आहे, त्यामुळे समितीचा परवाना त्याच्याकडे असेलच असे नाही. ताज्या फळांवर जीएसटी नाही, म्हणून केवळ फळांचा व्यापार करणाऱ्याला तो क्रमांकही लागत नाही. एकट्याच्या मालकीच्या व्यवसायाचे निबंधक कार्यालयही नसते. अशा वेळी दोन तास संगणकासमोर घालवण्यापेक्षा "या माणसाची सरकारी नोंद नसणे शक्य आहे आणि ती न सापडणे हा पुरावा नव्हे" असे स्पष्ट सांगावे, व मागील हंगामात त्याने ज्यांचा बगीचा घेतला त्यांच्याकडे, तसेच बँकेच्या धनादेशावरील खात्याच्या नावाकडे वाचकाचे लक्ष वेधावे.

रद्दीत जाण्यापूर्वी

मोठ्या ग्रंथालयांकडे महागडे माहितीसंच असतात. आपल्याकडे वर्तमानपत्रे असतात, आणि ती आपण दर महिन्याला रद्दीत देतो. कर्ज थकल्यावर बँक मालमत्तेचा ताबा घेते, तेव्हा ती सूचना दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते आणि त्यांतील एक स्थानिक भाषेचे असावे लागते. दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाल्याची जाहीर घोषणाही प्रादेशिक भाषेत येते. आतल्या पानांवरच्या या चौकटी कोणी वाचत नाही. आपल्या जिल्ह्यातील जिनिंग, तेलगिरण्या, डाळमिल आणि पतसंस्था यांच्याबद्दलच्या अशा सूचना कापून, वर तारीख व वर्तमानपत्राचे नाव लिहून, संस्थेच्या नावाच्या अकारविल्हे क्रमाने कात्रणवहीत लावल्या, तर दोन वर्षांत तालुक्यात दुसऱ्या कोणाकडेही नसलेला संग्रह तयार होतो.

उत्तर देताना तोंडी न देता चिठ्ठीवर द्यावे: कोणता क्रमांक पाहिला, कोणत्या संकेतस्थळावर, कोणत्या तारखेला, आणि तेथे काय लिहिले होते. "चांगली आहे" किंवा "बुडवेल" असे शब्द चिठ्ठीत येऊ देऊ नयेत. संचालकांची नावे देण्यास हरकत नाही, त्यांचे घरचे पत्ते मात्र शोधून देऊ नयेत. चिठ्ठीची दुसरी प्रत वाचनालयात ठेवावी, कारण त्याच कंपनीचे तेच पत्रक घेऊन शेजारच्या गावचा माणूस आठवडाभरात येतोच, आणि तेव्हा जुनी तारीख पाहून नोंद नव्याने तपासावी लागते.