लग्नाची डीव्हीडी चालत नसेल तर

टिनाच्या छपराच्या घरात कपाटावर ठेवलेल्या डीव्हीडीचे आपल्याकडचा उन्हाळा पार हाल करतो. राइट केलेल्या डिस्कमधला व्हिडिओ रंगद्रव्याच्या थरात असतो आणि उष्णतेनं, उन्हानं तोच थर बिघडतो. तरी प्लेअरनं ‘नो डिस्क’ दाखवलं म्हणजे सगळं गेलं असं नाही.

मऊ सुती फडकं किंचित ओलं करून डिस्क मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. टूथपेस्टचे प्रयोग नकोच. मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावा. एकाला वाचता न येणारी डिस्क कधी कधी दुसरा निमूट वाचतो. कॉम्प्युटरनं ‘फॉरमॅट करू का’ विचारलं, तर नाही म्हणा. हँडीकॅमची छोटी डिस्क बरेचदा फायनलाइझच (म्हणजे दुसऱ्या प्लेअरवर चालावी म्हणून शेवटी बंद) केलेली नसते. हँडीकॅम चालू असेल तर त्यातच करून घ्या.

फायली एकेक कॉपी करत बसू नका. लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची अख्खी नक्कल एकाच फाइलमध्ये (तिला इमेज म्हणतात) उतरवणारा प्रोग्रॅम घ्या, ब्लॉक साइज, म्हणजे एका वेळी वाचायचा तुकडा, २०४८ बाइट द्या. जे वाचता येतं ते तो आधी उचलतो, अडलेलं नंतर पुन्हा वाचून बघतो, आणि सगळा हिशेब मॅपफाइलमध्ये ठेवतो. मधेच लाइन गेली (जाणारच), तरी तिथूनच पुढे चालतो. खरी गंमत पुढे आहे: तीच इमेज आणि मॅपफाइल घेऊन डिस्क मित्राच्या कॉम्प्युटरवर लावली, की तो फक्त उरलेला भाग वाचायला जातो. इमेज ४ जीबीच्या वर जाऊ शकते, म्हणून पेनड्राइव्ह एक्सफॅट, म्हणजे एवढी मोठी फाइल मावणाऱ्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला हवा.

इमेज व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडा. जिथं वाचलं गेलं नाही तिथं चौकोन दिसतील, आवाज तुटेल. बाकीचं लग्न बहुतेक पाहता येतं.