मकरपुऱ्यातून पार्ट बनवून घेताना : खरेदी खात्यात नव्याने आलेल्यांसाठी

डिप्लोमा किंवा बी.ई. करून वडोदऱ्यातल्या एखाद्या कंपनीच्या खरेदी किंवा डेव्हलपमेंट खात्यात लागलात, की थोड्याच दिवसांत हातात एक ड्रॉइंग पडतं आणि साहेब सांगतात, "मकरपुऱ्यातून करून आणा." मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे वडोदऱ्यातल्या औद्योगिक वसाहतीत, लेथ, सीएनसी (संगणकावर चालणारं लेथ), व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) वाले भरपूर आहेत, त्यामुळे माणूस शोधणं हा प्रश्नच नसतो. एकाच ड्रॉइंगला तीन वर्कशॉपचे शेठ १८०, २४० आणि ४१० असे भाव देतात, तिथे नवा माणूस गडबडतो. सहसा यात कोणी लुबाडत नसतं. ड्रॉइंगवर जे लिहिलेलं नाही, ते तिघांनी आपापल्या परीने धरलेलं असतं.

एक साधा बुश, म्हणजे आरपार भोक असलेला नळीसारखा पार्ट, घेऊ. बाहेरचा व्यास ४०, बोअर (आतलं भोक) २५, लांबी ५०, सगळं मिमीमध्ये, मटेरियल ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद). बोअरपुढे नुसतं "२५" लिहिलं आणि टायटल ब्लॉकमध्ये "आयएसओ २७६८-एम" (वेगळं टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, न लिहिलेल्या मापांसाठीचा सर्वसाधारण नियम) असेल, तर ±०.२ मिमी चालतं; ड्रिल मारून काम संपलं. त्याच बोअरला "२५ एच ७" लिहिलं, की माप २५.००० ते २५.०२१ मध्येच बसलं पाहिजे. मग ड्रिल, त्यावर बोअरिंग किंवा रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार), आणि प्रत्येक नगाला प्लग गेज (भोकात घालून माप तपासायचं साधन). ज्याने ४१० सांगितले त्याने कदाचित हे सगळं धरलंय. आणि टायटल ब्लॉकमध्ये जनरल टॉलरन्सची ओळच नसेल, तर भांडण झाल्यावर तुमच्या हातात काहीच नाही.

म्हणून भाव मागवण्याआधी डिझाइनवाल्याकडे जाऊन बसा आणि विचारा, यातली जुळणारी मापं कोणती? बहुतेक पार्टमध्ये ती दोन-तीनच असतात. बेअरिंग बसतं तो व्यास, शाफ्ट जातो तो बोअर, टेकते ती बाजू. बाकीची मोकळी सोडा. सगळीकडे ±०.०२ लिहून ठेवणं ही सुरक्षितता नव्हे. त्याचे पैसे प्रत्येक नगामागे मोजावे लागतात, आणि तपासणीवाला सगळंच तपासायचं म्हणून काहीच नीट तपासत नाही. सरफेस फिनिशचंही तसंच. साध्या टर्निंगला आरए (पृष्ठभागाचा खडबडीतपणा, मायक्रॉनमध्ये) ३.२ सहज येतं, १.६ थोडं जपून येतं, ०.८ मागितलं की ग्राइंडिंगचा विचार सुरू होतो.

ड्रॉइंग बाहेर देण्यापूर्वी आणखी काही गोष्टी पाहा. ड्रॉइंगमधली दृश्यं मांडायची पद्धत आपल्याकडे फर्स्ट अँगल चालते. अमेरिकन ग्राहकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये असतं. चिन्ह न बघता काम झालं तर खाच उलट्या बाजूला येते आणि पार्ट थेट भंगारात जातो. व्हीएमसीवर होणाऱ्या खिशाच्या (पॉकेट, म्हणजे कोरून काढलेला खोलगट भाग) आतल्या कोपऱ्याला रेडियस द्यावाच लागतो, कारण कटर गोल असतो. २० खोल खिशाला १ मिमीचा कोपरा मागितला तर २ मिमीचा कटर २० खोल उतरवायला लागेल. तो मोडतो, नाहीतर भाव मोडतो. तिथे ४ रेडियस चालतो का, हे डिझाइनवाल्याला विचारा. आरपार नसलेल्या भोकात आटे हवे असतील तर आट्यांची खोली आणि ड्रिलची खोली वेगवेगळी लिहा. टॅपचं टोक निमुळतं असतं, तळापर्यंत पूर्ण आटे पडत नाहीत. एम ६ ला ५ चं ड्रिल, एम ८ ला ६.८ चं, हे वर्कशॉपवाल्याला सांगायची गरज नाही, पण तुम्हाला माहीत असावं.

आता भाव. शेठ आकडा कसा काढतात हे समजलं की घासाघीस करायची वेळ कमी येते. पोलादाच्या गोल बारचं वजन काढायचं सूत्र पाठच करा: मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचे किलो. आपल्या बुशला ४५ चा काळा (गरम लाटलेला) बार घेतला तर मीटरला १२.५ किलो. ५० लांबीला फेसिंग (टोक सपाट करणं) आणि पार्टिंग (नग कापून वेगळा करणं) धरून ५५ मिमी, म्हणजे नगाला जवळपास ६९० ग्रॅम. तयार बुश भरतो ३०० ग्रॅम. निम्म्याहून जास्त पोलाद चिप होऊन जातं, आणि त्याचे पैसे तुम्हीच देता. आता बाहेरच्या व्यासावर काही बसत नसेल, तर ४० चा ब्राइट (बाहेरून तयार, गुळगुळीत) बार तसाच वापरता येईल का विचारा. वजन ५४५ ग्रॅमच्या आत येतं आणि बाहेरचं टर्निंगही वाचतं. मात्र मग ड्रॉइंगवर ४० ला बारचंच टॉलरन्स लिहून द्या.

नगांच्या संख्येचं गणित समजायला आकडे धरून चालू. प्रोग्रॅम आणि सेटिंग ३,००० रुपये, मशीनचा तास ५०० रुपये, एका बुशला ६ मिनिटं, मटेरियल ५५ रुपये. ५ नग केले तर नगाला ७०५ रुपये. ५० केले तर १६५. ५०० केले तर १११. ५,००० केले तरी १०५ च्या खाली जात नाही. म्हणजे ५ वरून ५० वर जाताना भाव कोसळतो, ५०० नंतर तो हलतच नाही. "पाच हजार घेतो, पन्नासला द्या" म्हटलं तर समोरचा हसेल, नाहीतर हो म्हणून मटेरियल बदलेल. दुसरा प्रकार जास्त महागात पडतो.

मोठ्या संख्येला भाव उतरवायचा तर पद्धत बदलावी लागते. भरीव बारऐवजी जाड सीमलेस पाइप, बार फीडर (बार आपोआप पुढे सरकवणारं साधन) असलेलं सीएनसी, छोट्या गोल पार्टला ट्रॉब (आपोआप चालणारं कॅमचं लेथ), वेडावाकडा आकार असेल तर कास्टिंग किंवा फोर्जिंग करून फक्त लागेल तिथे मशिनिंग. पितळेचे छोटे टर्न केलेले पार्ट हजारांनी लागत असतील तर जामनगर, कास्टिंग-फोर्जिंगसाठी राजकोट. मकरपुऱ्यातले शेठसुद्धा हेच सांगतील. पॅटर्न, डाय, फिक्स्चरचे पैसे तुम्ही दिले असतील तर ते कोणाच्या मालकीचे, हे ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहा. पुढे वर्कशॉप बदलायची वेळ आली की याच मुद्द्यावर काम अडतं.

मटेरियलच्या बाबतीत विश्वास ठेवावा, पण कागद मागावा. टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (पोलाद ज्या घाणीतून ओतलं तिचा नंबर) बारवर आहे का, हे बार कापायच्या आधी बघायचं. नंतर सगळं सारखंच दिसतं. स्टेनलेस ३०४ म्हणून २०२ (स्वस्त प्रकार) आलं तर चुंबकाने कळत नाही. दोन्ही जवळजवळ चिकटत नाहीत, आणि खरं ३०४ सुद्धा वाकवल्यावर किंवा थंड खेचल्यावर थोडं चिकटतं. बारचा तुकडा लॅबमध्ये स्पेक्ट्रोला (कुठली मूलद्रव्यं किती, हे सांगणारी चाचणी) द्या. तसंच ईएन ८ च्या जागी साधं एमएस (माइल्ड स्टील) आलं तर हार्डनिंग होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

प्लेटिंग हा नवख्यांचा हमखास सापळा. आपल्या बुशला झिंक प्लेटिंग ८ मायक्रॉन मागितलं. मशीनवरून बोअर २५.००५ निघाला, गेज गेलं, सही झाली. प्लेटिंगनंतर दोन्ही बाजूंनी ८-८ मायक्रॉन चढले, बोअर २४.९८९ झाला आणि शाफ्ट जाईना. त्यातून कडेला करंट जास्त लागतो म्हणून तोंडाशी थर आणखी जाड बसतो. आट्यांत तर पिच व्यासावर थराच्या चौपट फरक पडतो. १० मायक्रॉनच्या थराला ४०. म्हणून "सर्व मापं प्लेटिंगनंतरची" ही ओळ ड्रॉइंगवर लिहायची, आणि जमेल तेव्हा प्लेटिंगसह तयार माल एकाच माणसाकडून घ्यायचा. दोन ठिकाणी वाटलं, की मशीनवाला प्लेटिंगवाल्याकडे बोट दाखवतो, प्लेटिंगवाला मशीनवाल्याकडे.

पूर्ण लॉट सुरू करण्याआधी सॅम्पल पास करा. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला नंबर द्या, तेवढ्या ओळींचा तक्ता करा आणि समोर खरं माप लिहा. "ओके" लिहिलेला रिपोर्ट परत पाठवा, आकडा पाहिजे. ०.०२ लीस्ट काउंटच्या व्हर्नियरने एच ७ बोअर तपासलेला असेल तर तो रिपोर्ट कामाचा नाही. लॉटमध्ये पहिला, मधला आणि शेवटचा नग बघा. इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) झिजत जातो तसा बोअर लहान होतो आणि बाहेरचा व्यास वाढतो, त्यामुळे नुसत्या पहिल्या नगावरून लॉट पास करू नये. मे महिन्यात वडोदऱ्यात ४० अंश सहज होतात, आणि मापं धरलेली असतात २० अंशांना. १०० मिमी अ‍ॅल्युमिनियम तेवढ्या फरकात जवळपास ४६ मायक्रॉन वाढतं, पोलाद २३. मशीनवरून गरम निघालेला पार्ट तसाच मोजून हुज्जत घालू नका. गेज आणि पार्ट एकाच टेबलावर तासभर ठेवा.

तारखांकडे येऊ. दिवाळीला वर्कशॉप बंद झाली की लाभपाचमेपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) उघडत नाहीत, आणि उघडली तरी बिहार-युपीचे ऑपरेटर छठ करूनच परततात. त्या दिवसांतली डिलिव्हरी मागायचीच असेल तर माल नवरात्रीच्या आधी मशीनवर चढलेला हवा. गरब्याच्या नऊ रात्री दुसऱ्या पाळीत किती माणसं असतात ते वडोदऱ्यात वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात पोलादाचे पार्ट तेल लावून, व्हीसीआय (गंज रोखणाऱ्या) पिशवीतच मागवा. एमएस पार्ट उघड्या क्रेटमध्ये आले तर स्टोअरमध्ये पोचेपर्यंत तांबूस होतात.

पैशाचं एक लक्षात ठेवा. उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचं बिल २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे करार असला तरी ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. मालाबद्दल तक्रार असेल तर माल आल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवा, नाहीतर माल स्वीकारला असं धरलं जातं. गेटवर आलेला लॉट महिनाभर न उघडता ठेवणाऱ्यांची इथेच पंचाईत होते. मटेरियल तुम्ही देऊन नुसती मजुरी करून घेत असाल तर जॉबवर्कच्या चलनावर पाठवा. जीएसटीप्रमाणे ते वर्षभरात परत आलं पाहिजे. उरलेले तुकडे आणि चिप कोणाच्या, हेही आधीच ठरवा. पितळ आणि तांब्यात ती रक्कम लहान नसते.

रिपीट ऑर्डरला ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली असेल तर ऑर्डरवर नवा रिव्हिजन नंबर लिहून थांबू नका. मशीनशेजारी तेलकट झालेली जुनी प्रत चिकटवलेली असते आणि ऑपरेटर त्यावरूनच काम करतो. सीएनसीच्या मेमरीत प्रोग्रॅमही जुनाच असतो. स्वतः जाऊन ती प्रत काढून घ्या, नवी द्या, आणि बदललेल्या मापाभोवती लाल पेनने गोल करून ऑपरेटरला, शेठना नव्हे, दाखवून या.