घरच्या वस्तूंतून द्रव्याचे गुणधर्म शिकवताय? या चुका टाळा

स्थायू, द्रव, वायू, घनता, उष्णतावाहकता हे सगळं शिकवायला स्वयंपाकघर पुरतं. तरीही घरचे प्रयोग फसतात, कारण उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि समोरची वस्तू त्यात कशीबशी बसवली जाते. मूल मात्र समोरचंच बघत असतं. त्याला दिसलेलं आणि आपण सांगितलेलं जुळलं नाही, की ते पुढचं पाठ करून मोकळं होतं.

कापूर पेटवून संप्लवन दाखवणं

पुस्तकात कापूर म्हणजे स्थायूतून थेट वायू, मध्ये द्रव नाही. पण आरतीच्या वेळी जळत्या वडीखाली चकाकणारं पातळ साचलेलं मुलाला स्वच्छ दिसतं. ‘मग हे काय?’ असं विचारलं की त्याला गप्प करू नका. त्याचं निरीक्षण बरोबर आहे. कापूर सुमारे १७५ ते १८० अंश सेल्सिअसला वितळतो आणि ज्योतीचं तापमान त्याहून कितीतरी जास्त असतं. संप्लवन दाखवायचं तर वडी पेटवायचीच नाही. एक वडी उघड्या वाटीत ठेवा, दुसरी घट्ट झाकणाच्या डबीत, आणि दोन्ही उंच फळीवर ठेवून द्या, कारण कापूर लहान मुलाच्या पोटात जाणं धोक्याचं आहे. काही दिवसांनी शेजारी ठेवून बघा. उघडी वडी झिजलेली असते आणि वाटी कोरडी असते. पातळ कुठेच नाही, हे तेव्हा मुलाला पटतं.

हाताला गार लागलं म्हणजे वस्तू गार, असं समजणं

माझ्या मते घरात करण्याजोगा सगळ्यात चांगला प्रयोग हाच, आणि तोच बहुतेक जण वगळतात. लाकडी पोळपाट आणि अॅल्युमिनियमचं जाड बुडाचं पातेलं उपडं करून ओट्यावर तासभर शेजारी राहू द्या. हात लावला तर पातेलं गार, पोळपाट त्यामानाने उबदार. आता विचारा: बर्फाचा खडा कशावर आधी वितळेल? उत्तर मिळेपर्यंत थांबा, बर्फ आधी काढू नका. बहुतेक मुलं पोळपाट म्हणतात, आणि त्यांचं कारणही सरळ असतं: तो उबदार आहे ना!

एकाच ट्रेमधले दोन सारखे खडे ठेवा. पातेल्यावरच्या खड्याखाली लगेच पाणी सुटतं आणि तो घसरायला लागतो. पोळपाटावरचा आपल्या कडा सांभाळून बसलेला असतो. दोन्ही वस्तूंचं तापमान खोलीइतकंच होतं. फरक होता तो उष्णता वाहून नेण्याच्या वेगाचा. अॅल्युमिनियम हाताची उष्णता भराभर ओढून घेतं म्हणून गार लागतं, आणि तशीच भराभर बर्फाला देतं म्हणून बर्फ वितळतो. इथे पातळ स्टीलचं ताट घेऊ नका. स्टेनलेस स्टीलपेक्षा अॅल्युमिनियमची उष्णतावाहकता दसपटीहून जास्त असते. स्टीलवर फरक तितका उठून दिसत नाही आणि प्रयोग फसला असं वाटतं.

‘जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं’

हे वाक्य घरातून हद्दपार करा. चार किलोचं कलिंगड बादलीत तरंगतं आणि एक रुपयाचं नाणं तळाशी जातं. महत्त्वाचं काय, तर तेवढ्याच जागेत मावणाऱ्या पाण्यापेक्षा वस्तू जड की हलकी. संत्रं सालासकट टाका, मग सोलून टाका. सोललेलं संत्रं वजनाने कमी झालेलं असूनही बहुधा बुडतं, कारण सालाच्या आतल्या पांढऱ्या थरात भरपूर हवा असते. एवढा एक प्रयोग पुरतो.

बर्फ बघून मुलं आणखी एक निष्कर्ष काढतात: कुठलाही स्थायू आपल्याच द्रवात तरंगतो. साजूक तुपाचा घट्ट गोळा वितळलेल्या तुपात सोडून बघा. तो तळाला जातो. खोबरेल तेलाचंही तसंच. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं, त्यामुळे थंडीत वेगळी तयारीही लागत नाही. गोठताना सुमारे ९ टक्के फुगणारं पाणी हा अपवाद आहे, आणि तो अपवाद म्हणूनच सांगायला हवा.

मेणबत्ती, ताटलीतलं पाणी आणि उपडा ग्लास

वर्षानुवर्षं चुकीचं सांगितलं जाणारं हे उदाहरण: ताटलीतल्या पाण्यात पेटती मेणबत्ती उभी करायची आणि तिच्यावर ग्लास उपडा ठेवायचा. ग्लासात पाणी चढतं ते ऑक्सिजन संपला म्हणून, आणि चढतं तेही बरोबर एक पंचमांश, असं ठोकून दिलं जातं. नीट बघा. ज्योत जळत असते तोवर पाणी फारसं हलत नाही. ती विझते तेव्हा ते झपकन वर येतं. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा, पाणी आणखी चढेल, हवेतला ऑक्सिजन मात्र तेवढाच होता. ज्योतीने तापून फुगलेली हवा आधी ग्लासाबाहेर जाते, कधीकधी काठाशी बुडबुडेही दिसतात, आणि उरलेली हवा थंड होऊन आकसली की बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. ज्योत विझते तेव्हाही ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो.

दिसतं तेवढंच खरं मानणं

चहाच्या किटलीच्या तोंडापाशी थोडी जागा रिकामी दिसते आणि पांढरा ढग त्यापुढे सुरू होतो. पाण्याची खरी वाफ त्या रिकाम्या जागेत आहे. पांढरं दिसतं ते पाण्याचे बारीक थेंब. हे लांबूनच दाखवा, वाफेने हात पोळतो.

मिठाचं उलट: ते विरघळलं की दिसत नाही, म्हणून मुलं ‘गेलं’ म्हणतात. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. २०० ग्रॅम पाण्यात २० ग्रॅम मीठ घाला; काटा २२० दाखवतो. नंतर ते पाणी ताटलीत पसरून उन्हात ठेवा, मीठ परत मिळतं. चव घेऊन ओळखायची सवय मात्र लावू नका. उद्या वाटीत तुरटी किंवा धुण्याचा सोडा असू शकतो.

आणि दोन गोष्टी कधीच करू नका. खायचा सोडा आणि व्हिनेगर मिसळून बाटलीचं बूच घट्ट लावू नका, आत साठणाऱ्या वायूच्या दाबाने बाटली फुटते. संडास साफ करायचं अॅसिड आणि ब्लीच एकत्र आणू नका. त्यातून विषारी क्लोरीन निघतो, आणि बंद न्हाणीघरात बाहेर पडायलाही वेळ मिळत नाही.