स्वस्त लॅपटॉपवर लिनक्स: या चुका टाळा, आधी दोष कुठे आहे ते ओळखा

स्क्रीन लुकलुकत होती. मी ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला, कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलला, शेवटी डिस्ट्रोच (लिनक्सचा तयार संच) बदलली. दोन आठवडे गेले. मग एकदा झाकण जरा मागे ढकलताना दिसलं, की ठरावीक कोनात लुकलुकणं आपोआप थांबतं. स्क्रीनची चपटी केबल बिजागरीजवळून वर जाते. तिथे ती रोज वाकून झिजली होती. लिनक्सचा त्यात काडीचाही संबंध नव्हता.

तेव्हापासून कुणी मदत मागितली, की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: हा त्रास लिनक्सचा आहे की लॅपटॉपचा? स्वस्त लॅपटॉपमध्ये दोन्ही बाजू कच्च्या असू शकतात, आणि लक्षणं इतकी सारखी असतात की भल्याभल्यांची गल्लत होते. (खाली दिलेल्या कमांड आणि पर्याय टाइप करताना रोमन अक्षरांतच करायचे.)

लुकलुकणारी स्क्रीन बघून थेट ड्रायव्हरला हात घालू नका

मशीन बंद करून बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू होताच चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, सेटिंगमध्ये जा. तिथे लिनक्स अजून सुरूच झालेलं नसतं. आता झाकण हळूहळू पुढेमागे करा. चित्र हललं, तर दोष केबलचा किंवा पॅनलचा. बायोसमध्ये सगळं स्थिर आणि लिनक्समध्येच लुकलुकत असेल, तर इंटेल ग्राफिक्सवर पहिला संशय पॅनल सेल्फ रिफ्रेशवर (वीज वाचवायला स्क्रीनने तेच चित्र धरून ठेवण्याची सोय) घ्यावा. बूट करताना कर्नलला 'आय९१५.एनेबल_पीएसआर=०' हा पर्याय देऊन पाहा. थांबलं तरच तो कायमचा ठेवा.

उड्या मारणारा टचपॅड

इथे तीन कारणं आहेत. पहिलं चार्जरचं. चार्जर काढून फक्त बॅटरीवर चालवल्यावर कर्सर शहाण्यासारखा वागला, तर अर्थिंग नीट नाही किंवा चार्जर हलका आहे. दुसरं कारण गंभीर आहे: टचपॅडच्या खाली बहुधा बॅटरीच असते आणि ती फुगली की पॅड वर उचलला जातो, क्लिक कडक होतं किंवा होतच नाही. पॅडच्या कडेला फट दिसली किंवा लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगू लागला, तर वापर त्याच क्षणी थांबवा. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही. ती बदलूनच घ्या. ही दोन्ही कारणं नसतील, तेव्हाच तिसऱ्याकडे, म्हणजे ड्रायव्हरकडे वळा.

वायफायची चिप न पाहता खरेदी करू नका

प्रोसेसर आणि रॅम सगळे बघतात. लिनक्सवाल्याचे दिवस सुखाचे जाणार की नाही, हे मात्र बऱ्याचदा वायफायची चिप ठरवते. शिवाय एकाच नावाच्या मॉडेलमध्ये वेगवेगळ्या तुकड्यांत वेगवेगळ्या चिप निघतात. म्हणून 'माझ्या मित्राच्या त्याच लॅपटॉपवर चालतं' या भरवशावर राहू नका. मॉडेल क्रमांकाचं शेपूटसुद्धा जुळतंय का ते पाहा.

इंटेलच्या एएक्स२१०ला कर्नल ५.१०पासून आधार आहे. मीडियाटेकच्या एमटी७९२१ला ५.१२पासून. रिअलटेकची आरटीएल८८५२बीई मात्र ६.२मध्ये आली. आता डेबियन १२ या डिस्ट्रोचं उदाहरण घ्या. तिचा मूळ कर्नल ६.१ आहे, म्हणजे ही चिप तिथे जन्मतःच मुकी. लोक म्हणतात 'लिनक्सवर वायफाय चालत नाही'. प्रत्यक्षात कर्नल एका पायरीने जुना असतो. बॅकपोर्ट्समधला (डेबियनच्या नव्या पॅकेजांच्या जादा भांडारातला) नवा कर्नल घातला किंवा ६.८ कर्नलची उबुंटू २४.०४ घेतली, की काम होतं. मला हा सल्ला वारंवार द्यावा लागतो, म्हणून ठासून सांगतो: नव्या स्वस्त लॅपटॉपवर जुनी, 'स्थिर' डिस्ट्रो टाकण्याचा हट्ट धरू नका.

चिप कोणती आणि ड्रायव्हर लागला की नाही, हे 'एलएसपीसीआय -एनएनके' या कमांडने कळतं. वायफायच्या नोंदीखाली वापरात असलेल्या ड्रायव्हरचं नाव दिसायला हवं. ते नसेल तर कर्नलच्या नोंदी वाचा. फर्मवेअरची (चिपला लागणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) फाइल सापडली नाही अशी ओळ तिथे असू शकते.

ड्रायव्हर व्यवस्थित, तरी शेजारच्या खोलीत सिग्नल पडतो? रिअलटेकच्या आरटीएल८८२१सीईसारख्या चिप एकाच अँटेनावर चालतात. तो कंजूषपणा सॉफ्टवेअरने भरून निघत नाही. कार्ड सुटं असेल तर बदलता येतं, पण नावं नीट वाचा: एएक्स२०१चा अर्धा भाग इंटेलच्या प्रोसेसरमध्येच असतो, त्यामुळे एएमडीच्या लॅपटॉपवर तो चालणार नाही. तिथे एएक्स२१० चालतं.

इन्स्टॉलरला एसएसडी दिसत नाही म्हणून ती खराब ठरवू नका

इंटेलच्या लॅपटॉपवर बायोसमध्ये आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळण्याच्या इंटेलच्या पद्धती) चालू असलं, की काही इन्स्टॉलरना डिस्कच सापडत नाही. एएचसीआय या साध्या पद्धतीवर नेलं की दिसते. पण विंडोज ठेवायचं असेल तर थांबा. आधी विंडोजला पुढचं बूट सेफ मोडमध्ये करायला सांगा, मग बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये चालू करा आणि नंतर तो मोड काढा. नाहीतर विंडोज उठणार नाही. त्याच्याही आधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलुपाची, रिकव्हरी की लिहून घ्या. विंडोज होममध्येही मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केल्यावर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं. सिक्युअर बूटला (बायोसमधल्या सुरक्षेच्या सेटिंगला) हात लावल्यावर ती की मागितली आणि जवळ नसली, तर डेटा गेलाच समजा.

बिजागरीच्या करकरीकडे दुर्लक्ष

हे मला सगळ्यात जास्त बोचतं, कारण यात धडधाकट मशीन भंगारात जाते. धातूची कडक बिजागरी आणि तिला धरणारे, प्लॅस्टिकच्या खुंट्यांत बसवलेले छोटे पितळी आटे, अशी ही जोडी असते. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडलं की सगळा पीळ एकाच बाजूवर येतो. आधी करकर ऐकू येते, मग कोपऱ्यात फट दिसते, आणि एक दिवस खुंटी मुळासकट उपटून येते. फट दिसताच मागचं कव्हर उघडा. सैल स्क्रू घट्ट करा आणि बिजागरीचा नट किंचित ढिला करा, म्हणजे प्लॅस्टिकवरचा ताण उतरतो. खुंटी तुटलीच असेल तर इपॉक्सीने बसवता येते, मात्र पुरता वेळ वाळू द्या. आणि झाकण नेहमी मधोमध धरून उघडा.

कीबोर्डचंही आधीच विचारून ठेवा. बऱ्याच स्वस्त मॉडेलमध्ये तो प्लॅस्टिक वितळवून वरच्या कव्हरला चिकटवलेला असतो. एक बटण गेलं तरी अख्खं कव्हर बदलावं लागतं.

लाइव्ह यूएसबीवर फक्त वायफाय तपासून समाधान मानू नका

परत करण्याची मुदत संपायच्या आत लाइव्ह यूएसबीवर (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणारा पेनड्राइव्ह) निदान तासभर बसा. माइक, हेडफोनचा जॅक, कॅमेरा, प्रकाश कमीजास्त करणारी बटणं, बाहेरची स्क्रीन, सगळं पाहा. बोटाचा ठसा चालला नाही तर नवल मानू नका, अनेक सेन्सरना लिनक्समध्ये ड्रायव्हरच नाही.

मुख्य म्हणजे झाकण बंद करून मशीन झोपवा. अर्ध्या तासाने उघडून किती टक्के बॅटरी उतरली ते लिहून ठेवा. 'सिस' फोल्डरातल्या 'पॉवर'मध्ये 'मेम_स्लीप' नावाची फाइल असते. तिथे 'एस२आयडल'सोबत (हलकी झोप) 'डीप' हा शब्द दिसला तर गाढ झोपेचा पर्याय आहे. 'डीप' नसेल आणि बॅटरी भराभर उतरत असेल, तर ही मशीन बॅगेत गरम होत राहील. तिला परत पाठवण्याची वेळ तीच.