घरी सोलर लावायचंय? पवनचक्की? आधी लाईट बिल काढा

सोलर घ्यायचं ठरलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न, किती किलोवॅटचं घेऊ? त्याचं उत्तर विकणाऱ्याकडे नाही, तुमच्या लाईट बिलात आहे. मागच्या १२ महिन्यांची बिलं काढा, रकमेकडे बघूच नका, फक्त युनिट लिहा, बेरीज करून ३६५ ने भागा, झाला तुमचा रोजचा वापर. चांगलं ऊन असेल तिथे १ किलोवॅटचं सोलर दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास देतं, ढगाळ दिवसांत बरंच कमी, म्हणजे रोज ८ युनिट लागत असतील तर २ किलोवॅटपासून हिशोब सुरू करा.

मग गच्चीवर जा, आणि एकदाच नाही, सकाळी ९ ला, दुपारी १२ ला, ३ ला, जमलं तर हिवाळ्यातसुद्धा, कारण तेव्हा सूर्य खाली असतो आणि टाकीची, झाडाची सावली लांबपर्यंत येते. पॅनल एकामागे एक जोडलेले असतात त्यामुळे एकावर सावली आली तरी सगळ्या लाईनची वीज घटू शकते, हे लोकांना बसवून झाल्यावर कळतं आणि फार वाईट वाटतं. १ किलोवॅटच्या पॅनलला साधारण ५ चौरस मीटर जागा लागते, धुवायला फिरायची जागा वेगळी धरा.

पवनचक्कीबद्दल मात्र कळकळीने सांगतो, घाई नको. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातली ताकद निम्मी नाही, आठवा भाग उरते. घरांच्या दाटीत वारा नुसता घुटमळतो, म्हणून १५० मीटरच्या आतल्या सगळ्यात उंच अडथळ्यापेक्षा पवनचक्की निदान ९ मीटर वर हवी. एवढा खांब उभा करायला मोकळी जागा असेल तरच पुढे जा, आणि आधी वर्षभर त्या उंचीवरचा वेग मोजा.

पैसे देण्याआधी वीज कंपनीकडे परवानगी आणि मीटरचं विचारा, तुमची जास्तीची वीज बिलात कशी धरणार तेही. अजून एक, ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला, जोडलेलं साधं सोलर लाईट गेली की भर उन्हातही बंद पडतं, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला त्या विजेचा शॉक बसेल. लाईट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरी आणि त्याला चालणारा इन्व्हर्टर आधीच सांगून घ्या.

एकदा चालू झालं की रोजचे युनिट वहीत टिपत जा. स्वच्छ उन्हातही आकडा उतरायला लागला तर बहुतेक धूळच असते, पॅनल सकाळी लवकर धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.