नातीबरोबर मारिओ खेळायचा तर

लगोरी असो की डबा ऐसपैस, आमच्या वाड्यात धाकट्यांना लिंबूटिंबू म्हणून घ्यायचे. लिंबूटिंबू कधी आउट होत नसे. पण त्याच्यावर राज्य येत नसे आणि त्याच्याकडे कुणी चेंडूही टाकत नसे. मी चार भावंडांत शेवटची, त्यामुळे ते नुसतं उभं राहणं मला अजून आठवतं. पाच वर्षांची माझी नात चिऊ आणि मी गेले काही महिने 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर' खेळतोय. तिच्यावर तशी वेळ येऊ नये, एवढ्यासाठी मी जे जे करते ते इथे लिहिते.

हा व्हिडिओ गेम निन्टेंडो स्विच या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आला. एका टीव्हीसमोर चार जणांना एकत्र खेळता येतो. लहान मुलासाठी मला तो आवडतो याचं पहिलं कारण म्हणजे यात खेळाडू एकमेकांच्या आरपार जातात. आधीच्या काही मारिओंमध्ये मोठ्यांच्या धक्क्याने लहान मूल खड्ड्यात जायचं आणि मग घरात रडारड.

पात्रं १२ आहेत. चार रंगांचे चार योशी (छोटे डायनासोर) आणि नॅबिट (सशासारखा चोर) यांना शत्रूचा मार लागत नाही. मुलाला योशी द्या. नॅबिटही चालेल, पण योशीला लांब जीभ आहे, तो शत्रू गिळतो आणि हवेत पाय झाडत थोडा जास्त तरंगतो. म्हणजे मार लागत नसला, तरी त्याच्याकडे स्वतःचं काम आहे. खड्ड्यात पडला तर मात्र योशीही जातो. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच खड्ड्याला 'आजी, तू खोटं सांगितलंस' असं ऐकावं लागेल.

स्विचच्या कंट्रोलरचे दोन भाग सुटे होतात, त्यातला एक आडवा धरला की लहान हातात नीट बसतो, वजन जेमतेम ५० ग्रॅम. पहिल्या दिवशी दोनच गोष्टी शिकवा, चालणं आणि उडी. पळणं पुढच्या आठवड्यात. पहिल्या लेव्हलच्या सुरुवातीला आम्ही दहा मिनिटं नुसत्या उड्या मारल्या. उंच उडी हवी असली की मुलं बटण जोरात दाबतात, जास्त वेळ नाही. 'दाबून धर' म्हटलं तरी ते कळत नव्हतं. शेवटी मी सांगितलं, 'आऽऽऽई' म्हण आणि म्हणून होईपर्यंत बोट उचलू नकोस. दुसऱ्या दिवशी जमलं. खड्डा आला की अजून आम्ही दोघी 'एक, दोन, साडेमाडे तीन' म्हणतो आणि बरोबर उडी घेतो.

आता मोठ्यांचं काम. पुढे पळू नका. एका खेळाडूच्या डोक्यावर मुकुट असतो आणि पडदा त्याच्या मागे मागे सरकतो. मागे राहिलेला दिसेनासा होतो. लेव्हलच्या शेवटी झेंड्याच्या खांबाला जो सगळ्यांत वर पकडतो, त्याला हा मुकुट मिळतो. मी खांब मुद्दाम खालून धरते. मुकुट चिऊकडे गेला की पडदा तिच्या चालीने चालतो, तिला एखाद्या कोपऱ्यात चार नाणी गोळा करायची असली तर करता येतात. मोठ्या माणसाने मुकुट स्वतःकडे ठेवला, तर मूल सारखं मागून धावत राहतं.

कुणी पडलं की त्याचं भूत होतं आणि पाच सेकंदांत ते जोडीदाराला शिवलं तर परत जिवंत होतं. चिऊ पडली की मी मोकळ्या, सपाट जागी थांबते आणि 'माझ्याकडे उडत ये' म्हणते. मी पडले की तिला फक्त 'थांब' म्हणते. 'इकडे ये, तिकडे जा' अशा चार सूचना दिल्या की ती गोंधळते.

योशीच्या पाठीवर दुसऱ्या खेळाडूला बसता येतं. इथे बहुतेक घरांत उलटं होतं. मोठे योशी होतात आणि मुलाला वाहून नेतात. अवघड जागी तेही करा, पण आधी तुम्ही मुलाच्या पाठीवर बसून बघा. मी डेझी ही राजकन्या घेते आणि 'चिऊ, मला नेतेस का पलीकडे?' असं विचारते. त्यावेळी ती किती जपून चालते!

एक चूक मी केली. एका उडीला ती सात-आठ वेळा पडली. मी तिच्या हातातून कंट्रोलर घेतला आणि उडी मारून दिली. ती काही बोलली नाही, उठून खिडकीत जाऊन बसली. त्यानंतर मी तिच्या कंट्रोलरला हात लावलेला नाही. जमत नसेल तर त्या लेव्हलमधून बाहेर पडायचं आणि दुसरी घ्यायची. आत जाण्याआधी एक ते पाच तारे दिसतात, त्यावरून अवघड किती ते कळतं. दोन ताऱ्यांपर्यंत सुरुवातीला पुरे.

किती वेळ खेळायचं? २ ते ५ वर्षांच्या मुलांनी दिवसाला एका तासापेक्षा जास्त स्क्रीन बघू नये, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. आम्ही घड्याळ न लावता लेव्हल मोजतो. तीन झाल्या की बंद. अर्ध्या लेव्हलमध्ये टीव्ही बंद केला तर कुणीही चिडेल.

जादूचं फूल दिसलं की मुलालाच आधी हात लावू द्या. त्याने सगळी जागाच बदलते. पहिल्याच लेव्हलमध्ये हिरवे पाइप अळ्यांसारखे सरपटायला लागतात आणि ते आपण केलं, असं मुलाला वाटलं पाहिजे.

या खेळात एक फळ खाल्लं की हत्ती होता येतं. सोंडेत पाणी भरून कोमेजलेली फुलं फुलवता येतात. पण योशीचा हत्ती होत नाही. डेझीचा हत्ती पाहून चिऊ 'आजी गणपती झाली' म्हणून ओरडली आणि मग तिलाही व्हायचं होतं. मी सांगितलं, हत्ती हवा तर डेझी घ्यावी लागेल आणि डेझीला मार लागतो. दोन दिवस तिने विचार केला. तिसऱ्या दिवशी स्वतःहून डेझी निवडली. पहिल्या पाच मिनिटांत चार वेळा भूत झाली, आणि दर वेळी मी सपाट जागा शोधून थांबले.