विद्यापीठाच्या कामाला पुण्यात येताय? आधी फाटक विचारा, मग लॉज शोधा

पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तिन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली आहेत. त्यामुळे पीएच.डी.चा व्हायवा (तोंडी परीक्षा) असो, कोर्सवर्क असो की कागदपत्रांचं काम, विद्यापीठाचं आवार आहे त्या गणेशखिंडीत जाणं कुणालाच चुकत नाही. मी संगमनेरच्या बाजूला एका महाविद्यालयात मराठी शिकवते. आमच्याकडची मुलं-मुली आणि नवे प्राध्यापक निघण्याआधी हमखास विचारतात, "मॅडम, उतरायचं कुठं?"

मी उलट विचारते, काम कोणत्या इमारतीत आहे? विद्यापीठाचं आवार ४११ एकरांचं आहे. नकाशावर 'विद्यापीठापासून एक किलोमीटर' दिसलेला लॉज मुख्य फाटकापासून मोजलेला असतो, आणि तुमचा विभाग फाटकापासून आत आणखी तेवढाच लांब असू शकतो. काही विभाग तर या आवारात नाहीतच. परकीय भाषांचा विभाग फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. तिथं काम असेल तर गणेशखिंडीजवळ खोली घेण्यात काहीच अर्थ नाही, डेक्कनला उतरा. विभागात फोन करून इमारतीचं नाव, मुख्य फाटक जवळ की खडकीकडचं, आणि बाजूची फाटकं किती वाजेपर्यंत उघडी असतात, एवढं विचारून घ्या. त्याच फोनवर विद्यापीठाच्या अतिथिगृहाचंही विचारा. विभागामार्फत अर्ज करून खोली मिळाली तर तुमचे निम्मे प्रश्न तिथंच मिटतात. मात्र हे आदल्या दिवशी करायचं काम नाही.

दुसरी गोष्ट विद्यापीठ चौकाची. औंध, बाणेर, पाषाण आणि गणेशखिंड रस्ता तिथं येऊन मिळतात. जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, मग मेट्रोचं आणि नव्या पुलाचं काम सुरू झालं. सकाळी आणि संध्याकाळी हिंजवडीला ये-जा करणाऱ्यांची गर्दीही याच बाजूला असते. म्हणून किलोमीटर मोजू नका, चौक कोणत्या वेळी आणि कोणत्या दिशेनं ओलांडावा लागेल ते बघा.

माझी पसंती मॉडेल कॉलनी आणि शिवाजीनगरला. खोल्या लहान असतात, पण गणेशखिंड रस्त्यावरून पीएमपीच्या बस सारख्या असतात, रिक्षा मिळते आणि एकट्या बाईला रात्री जेवायला बाहेर पडताना धाकधूक होत नाही. पीएच.डी.वाल्यांसाठी आणखी एक सोय म्हणजे लॉ कॉलेज रस्त्यावरची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था इथून जवळ पडते. एक दिवस विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आणि दुसऱ्या दिवशी भांडारकर, असं एकाच मुक्कामात जमतं. औंध शांत आहे, आई-वडिलांना घेऊन येणार असाल तर बरं, पण खिसा जरा सैल करावा लागतो. बाणेरचं नाव ऐकून फसू नका. बाणेर रस्ता विद्यापीठ चौकातून निघून थेट महामार्गापर्यंत जातो. स्वस्त दिसणारी खोली त्या टोकाला असेल तर वाचलेले पैसे रिक्षात जातात. खडकी-बोपोडीकडे लॉज मोजकेच, पण रेल्वे आणि मेट्रो दोन्ही जवळ. खडकीच्या फाटकाकडे काम असेल तर तिकडे जरूर चौकशी करा.

एसटीने येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा की शिवाजीनगरचं स्टँड २०१९च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं. 'शिवाजीनगर स्टँडसमोर' असं सांगणाऱ्या लॉजला नीट पत्ता विचारा, जुनं की नवं. आपल्या नाशिक रस्त्याने येणाऱ्यांना आणखी एक वाट आहे. नाशिक फाट्याला उतरून मेट्रो धरायची आणि शिवाजीनगरला उतरायचं, म्हणजे वाकडेवाडीची कोंडी टळते.

आता नाजूक विषय. पुण्यात प्रत्येकाची मावशी किंवा चुलतभाऊ असतो आणि "लॉजवर कशाला राहतेस, आम्ही मेलोय का?" असं ऐकून घ्यावं लागतं. मावशी हडपसरला किंवा सिंहगड रस्त्याला राहत असेल तर व्हायवाच्या आदल्या रात्री तिच्याकडे उतरू नका. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला येण्यात सकाळ संपते आणि परीक्षकांसमोर बसताना अंगात त्राण उरत नाही. काम झाल्यावर पेढे घेऊन दोन दिवस हक्काने राहा, तिलाही बरं वाटेल. गावची मुलं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन) राहतात, त्यांच्याकडे एखादी रात्र काढण्याचा मोह होतो. पण तिथली पोरं पहाटेपर्यंत एमपीएससीचा अभ्यास करत असतात. त्यांच्या आणि तुमच्या, दोघांच्याही झोपेचा विचार करा.

खोली पक्की करण्याआधी ॲपवर विसंबू नका, स्वतः फोन करा. काही लॉजवाले पुणे जिल्ह्याचा पत्ता असलेलं आधार कार्ड चालवून घेत नाहीत. जुन्नर किंवा बारामतीच्या मुलांनी हे आधीच विचारावं. मुलींनी "एकटी आहे, चालेल ना?" असं स्पष्ट विचारावं. समोरचा अडखळला तर दुसरीकडे बघावं. रात्री दहा वाजता बॅग घेऊन दारात उभं राहून नकार ऐकायची वेळ कुणावरही येऊ नये. सकाळी खोली सोडल्यावर बॅग संध्याकाळपर्यंत ठेवता येईल का, हेही त्याच फोनवर विचारा, कारण प्रबंधाच्या प्रती आणि बॅग घेऊन एवढ्या मोठ्या आवारात फिरणं फार जड जातं.

तारीख तुमच्या हातात असेल तर कॅलेंडर बघा. आषाढ वारीत पालख्या पुण्यात येतात त्या दिवशी वाकडेवाडी ते फर्ग्युसन रस्ता हा पट्टा टाळा. नवरात्रात चतुःशृंगीच्या यात्रेमुळे सेनापती बापट रस्ता भरलेला असतो आणि तो विद्यापीठाला लागूनच आहे. गणेशोत्सवात पेठांमधला लॉज नको, विसर्जनाच्या दिवशी तर मुळीच नको. तारीख बदलणार नसेल, तर अशा दिवसांत आवारापर्यंत चालत जाता येईल अशीच खोली घ्या, थोडी महाग पडली तरी.